झील तेवढी उरली

१

रविवारी सकाळी उदयने कॅसेट लावली, तेव्हा तिच्यात त्याच्या आईचा आवाज नव्हता.

बाकी सगळं होतं. डावीकडून सुलूमावशी झील धरत होती, उजवीकडून विमलाबाई. आईने ओळ म्हणायची आणि या दोघींनी ओळीचं टोक उचलून मागून गायचं, ती झील. टाळ्या होत्या. मध्येच बांगड्या किणकिणल्या, लांब कुठेतरी कोंबडा आरवला. फक्त ओळ जिथे यायला हवी तिथे काही येत नव्हतं. पाण्याखालून कुणी बोलावं तसा पुसट भास व्हायचा, आणि मग पुन्हा त्या दोघी, रिकाम्या जागेला साथ देत बसलेल्या.

उदय हनवते कुवेतहून सुटीवर आला तो हे सगळं घेऊनच. एक अॅम्प्लिफायर, एक डेक आणि पाच स्पीकर. सत्त्याण्णव साली मीरा रोडच्या त्या इमारतीत असलं काही कुणाकडे नव्हतं. दोन खोकी टीव्हीच्या दोन बाजूंना, दोन सोफ्यामागच्या भिंतीवर आणि एक टीव्हीच्या डोक्यावर. याला सराउंड साउंड म्हणतात, हे दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. पण त्यावर पहिलं काय वाजणार ते ठरलेलं होतं. आज आईला, वैजयंताबाईंना, जाऊन वर्ष होत होतं. संध्याकाळी विहारातली मंडळी येणार, वंदना होणार, मग आई चारी भिंतींतून गाणार. शेवटी वडिलांच्या, कोंडिराम हनवत्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघणार. परभणीकडच्या गावांत त्यांची गाणी अजून म्हणतात.

"रश्मी, कॅसेट तुझ्याकडे होती," उदय बहिणीला म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"होती."

"इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीस. प्रत काढायला मागितली, दिली नाहीस. काल आणून दिलीस आणि आज तिच्यात आई नाही."

"दादा, मी आईला पुसेन?"

"मग कुणी पुसलं ते संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर यापुढे या घरात येऊ नकोस."

रश्मी भाईंदरच्या एका शाळेत शिकवायची. वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. आता मात्र तिने दारापाशी जाऊन एक चप्पल पायात घातली आणि दुसरी हातात धरून तशीच उभी राहिली.

उदयची बायको राजश्री तिच्या बाजूने जिना उतरून धावत खाली गेली. खालच्या मजल्यावर सुचेता गुप्ते राहायची.

२

सुचेता विमा कंपनीत होती. गोदाम जळालं की जाळलं, हे शोधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. गिरगाव सोडून मीरा रोडला आल्यापासून शेजारणी तिला गमतीने सीआयडी म्हणायच्या.

"माझं कामच अविश्वासाचं आहे," ती आत येत म्हणाली. "तेव्हा मी काही विचारलं तर रागवायचं नाही. कॅसेट द्या."

तिने कॅसेटची मागची कड बोटाने चाचपली. "ही दोन्ही बाजूंची प्लास्टिकची नाकं कुणी मोडली?"

"मी," रश्मी म्हणाली. "भरून झाली त्याच दिवशी. म्हणजे चुकून कुणी वर दुसरं काही भरणार नाही."

"बरोबर. आता पुसायची तर या भोकांवर चिकटपट्टी लावावी लागेल. इथे पट्टीचा डागसुद्धा नाही. आणि उदय, तिघी बाया एकत्र गातायत. दोघींना ठेवून एकीला वेचून कसं पुसणार? तांदळातला खडा आहे का तो?"

"मग आई गेली कुठे?"

"ते नंतर. तोवर बहिणीला चप्पल काढून बसू दे."

स्वयंपाकघरात राजश्री खिरीचं दूध आटवत होती. सुचेता ओट्याला टेकली.

"काल कोण कोण होतं घरात?"

"सकाळी धम्मपाल आला, यांचा दोस्त. त्यानेच वायरिंग केलं. दुपारी कॅसेट लावून बघितली, पहिलं कडवं फक्त. ताई, खरं सांगते, अंगावर काटा आला. वाटलं, सासूबाई टीव्हीवर येऊन बसल्यात. बाबा तर उठून गेले आणि त्या वरच्या खोक्याला कान लावून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. मग हे म्हणाले, बाकीचं उद्या, सगळ्यांसमोर."

"आणि संध्याकाळी?"

"आम्ही दोघं विहारात गेलो सतरंज्या बघायला. बाबा घरी होते. रश्मीताई हार ठेवायला येऊन गेल्या. धम्मपालपण आला होता म्हणे, स्क्रू ड्रायव्हर विसरला म्हणून. आता त्याचं मन या घरात का घुटमळतं, ते मी काय सांगू."

"सांग की."

राजश्रीने गॅस बारीक केला. "रश्मीताईंसाठी विचारलं होतं त्याने. बाबा नाही म्हणाले. तीन-चार वर्षं झाली. हे वायरिंग मला मुळीच नको होतं. घर आहे की टेलिफोन एक्स्चेंज? त्यात टीव्ही बिघडवला. काल दुपारी पिक्चर लावला तर हिरोचं अर्धं तोंड हिरवं. वरच्या कडेला हा एवढा डाग."

"आहे अजून?"

"नाही ना. रात्रीच्या बातम्यांना बघितलं तर साफ. आपोआप बरा झाला."

आपोआप बऱ्या झालेल्या वस्तूंवर सुचेताचा कधी विश्वास नव्हता.

"आणि बाबांनी काल दिवसभर काय केलं?"

"काय करणार? बसले होते. संध्याकाळी निघताना मला म्हणाले, जरा कणकेची खळ करून दे, विहाराच्या फळ्यावर आमंत्रणाचा कागद चिकटवायचाय. दिली वाटीभर."

३

हाटकेशला धम्मपालचा गाळा होता. सुचेता वाटेत विहारापाशी थांबली. दारातल्या काळ्या फळ्यावर आजचा कार्यक्रम खडूने लिहिला होता. कागद एकही नव्हता. खाली कुणीतरी सुरेख अक्षरात गाण्याचा शेवट उतरवला होता:

*कोंडिराम म्हणे ऐका, पाटी हीच माझी शेती,*
*काळ्या भुईत पेरलं, त्यात उगवले मोती.*

तिने तो दोनदा वाचला आणि रिक्षात बसली.

धम्मपाल एका जुन्या मिक्सरचं पोट उघडून बसला होता. "आवाज गेला? मॅडम, सिस्टिम एकदम ओके होती. मी स्वतः चेक केली. आता उदयला माझ्यावर डाऊट असेल तर तसं तोंडावर बोल म्हणावं."

"मला सगळ्यांवर डाऊट आहे. या पाच खोक्यांत काय फरक आहे, ते सांग आधी."

तो खुलला. "बघा, रेकॉर्डिंग स्टिरिओ आहे. मोठा टू-इन-वन, दोन बाजूंना दोन माइक. काकू मध्ये बसलेल्या, त्या दोघी दोन बाजूंना. आता हा अॅम्प्लिफायर काय करतो, मधल्या माणसाला उचलतो आणि मधल्या खोक्यात घालतो. कडेच्यांना कडेला ठेवतो. सिनेमात हिरोचं बोलणं पडद्यातून येतं ना, त्यासाठी. काल काकांनी विचारलं, ही कुठून बोलतेय? मी त्यांचा हात धरून टीव्हीवरच्या खोक्यावर ठेवला. म्हटलं, काका, काकू इथे आहेत."

"टीव्हीचा रंग कशाने बिघडला?"

"त्याच स्पीकरने. आत लोहचुंबक असतो, मोठा. टीव्हीजवळ ठेवला की रंग फाकतो. मधे पत्रा लावून देणार होतो."

"आणि स्क्रू ड्रायव्हर?"

धम्मपालचा चेहरा मिटला. "नाही मिळाला. काकांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाले, इथं न्हाई. मला वाटलं, आत रश्मी असेल. मी निघालो."

"रश्मीचं वाईट वाटतं अजून?"

"वाईट वाटून घ्यायला धंद्यातून टाइम कुठे मिळतो," तो म्हणाला आणि मिक्सरमध्ये डोकं घातलं.

परतल्यावर सुचेता गॅलरीत गेली. कोंडिरामकाका मांडीवर ढोलकी घेऊन बसले होते, वाजवत मात्र नव्हते. समोर इमारतींच्या फटीतून मिठागरांचा एक पांढरा तुकडा दिसत होता.

"काका, तुमचा कुणावर संशय?"

"कुणावर धरावा, बाई? आवाज म्हंजे पाखरू. बसलं तं बसलं, उडालं तं उडालं."

"खळ पुरली का काल?"

त्यांनी ढोलकीवरचा हात काढून घेतला. "पुरली. कागद लावला फळ्यावर."

"हो का," सुचेता म्हणाली.

ती आत वळली. रश्मी दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रश्मी, तू काहीतरी झाकतेस."

"झाकत नाही. माझ्या तोंडून निघालं तर ते भांडण होईल, एवढंच." तिने कॅसेट सुचेताच्या हातात दिली. "तुमच्याकडे साधा टेपरेकॉर्डर आहे ना? शेवटपर्यंत ऐका. पहिलं कडवं ऐकून सगळे थांबतात."

४

सुचेताच्या कपाटावर एकाच स्पीकरचा जुना टेप होता. तिने दार लावून घेतलं, कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

खरखर. कोंबडा. मग एक घसा खाकरला, आणि वैजयंताबाई गाऊ लागल्या.

*लेकी माझ्या अक्षराला, पीठ चाळून घेतले,*
*जाड्याभरड्या दुःखाचे, कोंडे बाजूला ठेविले.*

आवाज होता. कुठेही गेला नव्हता. जरा फाटलेला, उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखा, पण धड. सुलूमावशीने ओळ उचलली, विमलाबाईने तिला टेकू दिला. सुचेता खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिली. हे गाणं तिने ओळखलं. चौदा एप्रिलला इमारतीखालच्या मांडवात कोंडिरामकाकांनीच म्हटलं होतं. तेव्हा तिच्या मनात आलेलं, पीठ चाळण्याचं या माणसाला इतकं कसं कळतं?

कडव्यामागून कडवं गेलं. शेवटचं कडवं आलं. जुन्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव असतं, ही त्याची सही. वैजयंताबाईंनी ते सावकाश म्हटलं, एकेक अक्षर सुपातून पाखडावं तसं.

सुचेताने टेप मागे नेला. पुन्हा ऐकलं.

मग ती उठली आणि जिना चढून वर गेली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. तिने टीव्हीवरचं खोकं दोन्ही हातांनी उचललं.

ते रिकाम्या करंडीसारखं वर आलं.

५

"सगळे बसा," ती म्हणाली. पाहुणे यायला अवकाश होता. सतरंजी अंथरलेली, हार ओल्या फडक्यात गुंडाळलेले, कोपऱ्यात पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला. तिने धम्मपाललाही फोन करून बोलावून घेतलं होतं. तो दारापाशीच उभा राहिला. उदय त्याच्याकडे बघत नव्हता आणि रश्मीकडेही बघत नव्हता.

"उदय, तुमच्या आईचा आवाज कॅसेटमध्ये आहे. मी आत्ता ऐकून आले."

"काय?"

"कॅसेटला कुणी हात लावलेला नाही. हे बघा." तिने खोकं मांडीवर घेतलं. "मधला माणूस मधल्या खोक्यातून बोलतो. हे खोकं मुकं केलं की मधला माणूस गेला आणि कडेचे राहिले. काल दुपारी टीव्हीवर डाग होता, कारण यात लोहचुंबक होता. रात्री डाग नव्हता, कारण चुंबक नव्हता. संध्याकाळी कुणीतरी आतला स्पीकर काढून घेतला आणि पुढचं कापड परत लावून ठेवलं. म्हणून बाहेरून काही कळलं नाही."

आता उदयने धम्मपालकडे बघितलं. "तू आला होतास संध्याकाळी."

"ए, बॉस, मी दारातून परत गेलोय."

"धम्मपालने काढला असता तर कापड त्याच्या पद्धतीने बसवलं असतं, डिंकाने किंवा टाचण्यांनी," सुचेता म्हणाली. "राजश्री, वास घे."

राजश्रीने खोकं नाकाशी नेलं. तिचा हात तिथेच थांबला. "कणीक," ती म्हणाली. "आंबलेली कणीक. ही तर..."

तिने खोकं सुचेताच्या मांडीवर परत ठेवलं. सासरे तिला कधी आवाज चढवून एक शब्द बोलले नव्हते.

"विहाराच्या फळ्यावर कागद नाही, खडूचं लिखाण आहे," सुचेता हळू आवाजात म्हणाली. "खळ तिथे गेलीच नाही. स्क्रू ड्रायव्हर घरात राहिला होता. आणि काकू कुठल्या खोक्यात आहेत, हे ज्याच्या हाताला धरून दाखवलं होतं, तो माणूस संध्याकाळी घरी एकटा होता. कशासाठी केलं, तेही मला ठाऊक आहे. ते मात्र मी सांगणार नाही. ते माझं नाही."

गॅलरीच्या दारात कोंडिराम उभे होते, ढोलकीची पिशवी छातीशी धरून.

"मला वाटलं, तू सांगशील," ते म्हणाले. सुचेताला नाही, रश्मीला.

"मी कशाला सांगू, बाबा?" रश्मीचा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मी बाराची होते, ती गायली तेव्हा. मला म्हणाली, ही जपून ठेव, वेळ आली की मीच सांगीन. तिचं तिला सांगू दे, एवढंच होतं माझं."

उदय एकदा बहिणीकडे, एकदा वडिलांकडे बघत होता. "काय सांगायचं होतं? बाबा?"

म्हाताऱ्याने पिशवीत हात घातला. एक निळं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं बाहेर आलं. त्याची घडी त्यांनी सतरंजीवर उघडली. आत तो काळा गोल स्पीकर होता आणि त्याच्या चुंबकाला चिकटलेला धम्मपालचा स्क्रू ड्रायव्हर.

"पहिलं गाणं तिनं दिलं," कोंडिराम म्हणाले. "म्हणली, बाईच्या नावाचं गाणं जलशात कोण ऐकल, तुमच्या नावानं म्हणा. ते लोकांनी डोक्यावर घेतलं. मग दुसरं तिनं दिलं न्हाई, म्या घेतलं. मग समदीच घेतली. शेवटच्या कडव्यात तिचं नाव होतं, तिथं मपलं बसवलं. चार अक्षरांच्या जागी चार अक्षरं. बसलं बी बेमालूम."

त्यांनी रिकामी पिशवी बाजूला ठेवली.

"काल ती बोलाय लागली तं मला कळलं, शेवटाला काय येणार. आज पुस्तक निघणार, शंभर माणसं येणार. कॅसेट घेतली होती म्या हातात. फीत ओढून काढाया काय लागतं? पर बोट चालंना. नाव पुसलंच होतं तिचं. आवाज बी पुसू?" त्यांनी लुगड्याची कड नीट केली. "म्हणलं, आजचा दिवस गप बस, वैजंता. उद्या बसवतो परत."

उदय खाली बसला. बराच वेळ तो त्या लुगड्याकडे बघत होता. मग उठून रश्मीपाशी गेला. दाराशी पडलेली तिची चप्पल त्याने वाकून उचलली आणि आत, घरातल्यांच्या चपलांच्या रांगेत ठेवली.

"नीट ठेव," रश्मी म्हणाली. "नवीन आहे."

धम्मपालने घसा साफ केला. "काका, तो स्पीकर द्याल का? लावायला वेळ लागत नाही."

कोंडिरामांनी स्पीकर उचलला. दोन्ही हातांनी, भरलेली परात द्यावी तसा, त्याच्या हातात दिला. आणि म्हणाले, "बस इथं आत. दारात का उभा ऱ्हातोस?"

६

संध्याकाळी खोली भरली. बाया सतरंजीवर, पुरुष भिंतींना टेकून, जिन्यातही माणसं. वंदना झाली. विहाराचे सचिव पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे गेले तेव्हा कोंडिरामांनी त्यांचा हात धरला.

"सुतळी सोडू नका. नाव चुकलंय कव्हरावर. परत छापाया लागल."

"छपाईची चूक? कुणाची?"

"मपली," ते म्हणाले. "आधी ऐका. मग सांगतो समदं."

उदयने बटण दाबलं.

कोंबडा आरवला. टीव्हीवरच्या खोक्यातून घसा खाकरला, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायांपैकी दोघींनी पदर सावरला, कुणी मोठं माणूस घरात आल्यावर सावरतात तसा. वैजयंताबाई गात होत्या. डावीकडे सुलूमावशी, उजवीकडे विमलाबाई. गाणं सगळ्यांना पाठ होतं. ओठ हलत होते. शेवटचं कडवं आलं तसे लोक नेहमीच्या नावासाठी तोंड उघडून तयार झाले.

*वैजयंता म्हणे ऐका, पाटी हीच माझी शेती...*

उघडलेली तोंडं तशीच राहिली. कुणीच पुढची ओळ म्हटली नाही. फक्त कॅसेटमधल्या दोघींची झील आली, आणि त्यांच्या मागून तिसरी, पुरुषाची, थकलेली, सुरात न बसणारी:

*काळ्या भुईत पेरलं, त्यात उगवले मोती.*

पुढच्या रांगेतल्या काहींना वाटलं, ही त्या मागच्या भिंतीवरच्या खोक्यांची करामत. त्यांनी वळून पाहिलं. सोफ्यामागे, भिंतीला पाठ लावून, कोंडिराम डोळे मिटून तिची झील धरत होते.